खोबण

आधी पाणी.
पेटीतून काढलेला दगड आधी धुवायचा,
धुळीखाली सगळेच मुके.
मग मागून टॉर्च, कडेला, जिथं तो पातळ आहे:
उजेड आत शिरून मधासारखा थांबला
तर पुढं बोलू. अडला तर जास्पर.
आत गोल बुडबुडे तरंगताना दिसले
तर काच, आणि पाठवणाऱ्याला फोन.

चाकूचं टोक फिरवायचं. ओरखडा पडत नाही,
उलट चाकूचीच करडी रेघ मागं राहते.
तरी शंका उरली तर व्हिनेगरचा थेंब:
फेस आला तर संगमरवराच्या घरचं कुणी
अकिकाचे कपडे घालून आलंय.
आणि फारच गुलाबी असेल,
रंग भेगांमध्ये जास्त साचलेला,
तर तो रंगवलाय. तसं सांगूनच विकायचा.
हे हमदान अंकलांचं एकमेव तत्त्व,
बाकी भाव ते गिऱ्हाइकाच्या चपला बघून ठरवतात.

मत्राहच्या सूकमध्ये, लोबानाच्या दुकानामागं,
नऊ वर्षं मी हेच करतो.
शुक्रवारी नमाज सुटेपर्यंत शटर अर्धं,
बंदरावरून डिझेलचा आणि सुकटाचा वास.

पेटी अकरा. चिठ्ठीवर: येमेन.
एकच मोठा दगड, नारळाच्या कवडीसारखा, अर्धा.
बाहेरून कुणी वळून बघणार नाही.
आत पट्टे: राखाडी, दुधी, पुन्हा राखाडी,
एक तांबूस, केसाएवढा,
भिंतीचा प्रत्येक बाक पाळत आत आत आलेले.
आणि मधोमध, पट्टे संपतात तिथं, पोकळी:
तिच्यात गारेचे दाणे, टोकं आतल्या बाजूला.
टॉर्च हलली की सगळे एकदम जागे.

अंकल विचारतात, हे मध्येच असं का?
सांगतो: लाव्हा थंडावताना त्यात वाफेचा बुडबुडा अडकला.
वाफ गेली, घर उरलं.
पाणी झिरपत राहिलं, पाण्यात विरघळलेली गार,
भिंतीवर थर, थरावर थर.
त्या दाटीत स्फटिकाला अंग पसरता येत नाही,
डोळ्यांना न दिसणारे तंतू होऊन तो पडून राहतो,
त्याला आपण पट्टा म्हणतो.
शेवटी पाणी निवळलं, घाई सरली,
जागा होती, म्हणून टोकं आली.
अंकल म्हणतात, म्हणजे माझा धाकटा भाऊ.
सगळ्यांनी खोल्या वाटून घेतल्या, त्याला गच्ची मिळाली.

मग मी दगड पालथा करतो.
शेवाळी हिरवी साल. तिला चिकटलेला काळा कातळ.
कातळाच्या कडेला एक खोबण,
अर्धगोल, सरळ, वीतभर.
पाणी इतकं सरळ चालत नाही.

सिल्लोडच्या वर अप्पा विहिरी फोडायचे.
‘गार लागली’ ही त्यांच्या तोंडी शिवी होती,
म्हणजे सुतकीचं तोंड गेलं, दिवसाचा रोज बुडाला.
बार उडाला की आम्ही पोरं चमकीचे तुकडे वेचायचो,
आई म्हणायची, घरात नको, पायात भरतात.
अप्पांच्या डाव्या पोटरीत एक कपची शेवटपर्यंत होती.
थंडीत ती कातडीखाली सरकायची,
आम्हाला हात लावून बघू द्यायचे.

खोबणीत अंगठा ठेवतो. बसतो.
सुरुंगाची सळई तेवढीच जाड होती, असं वाटतं.
वाटतं फक्त. काळा कातळ येमेनातही आहे,
तिथंही विहिरी आहेत, आणि पोटऱ्या.

अंकल चिठ्ठी लिहायला लावतात.
अकीक, पट्ट्यांचा. आत गारेचे स्फटिक. रंगवलेला नाही.
अठरा रियाल.
जागा:
‘येमेन लिही,’ ते म्हणतात, ‘येमेन चांगला जातो.’
मी पेन झटकतो, शाई नाही म्हणतो.

संध्याकाळी कुणीतरी विचारेलच,
ही खाच पॉलिश करून काढता येईल का?
येईल. दहा मिनिटांचं काम.
मशीन बिघडलंय, असं सांगायचं ठरवलंय.